विमानाचं नाक सरळ का राहतं? कोकण किनाऱ्यावर उडवून शिकण्याचा एक ग्लायडर

हाताने बनवलेला ग्लायडर सोडला की पहिल्या दोन सेकंदांत सगळं ठरतं. कधी तो नाक वर करून थबकतो आणि धपकन खाली येतो, कधी सरळ वाळूत घुसतो. यावर बहुतेक घरांत आणि शाळांत एकच उपाय चालतो: नाकाला थोडी माती लावा, नाहीतर थोडी काढा. एखाद्या वेळी जमतं, पण का जमलं ते कळत नाही. मग पुढच्या ग्लायडरला पुन्हा तोच खेळ.

खरं तर इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाचं वजन कुठे तोललं आहे यावर त्याचं स्थैर्य ठरतं. पंख आणि आडवी शेपूट यांच्यातल्या कोनावर ते कोणत्या वेगाने उडणार हे ठरतं. माती लावून कोनाची चूक झाकली, किंवा कोन बदलून वजनाची चूक झाकली, की ग्लायडर शांत हवेत कसाबसा उडतो आणि पहिल्याच झुळकेला कोसळतो. या दोन कळा वेगवेगळ्या ओळखता आल्या की बाकीचं सोपं आहे. त्यासाठी ६० सेंटिमीटर पंखांचा एक साधा ग्लायडर पुरतो. तो कसा बनवायचा, कसा तोलायचा, कुठे आणि केव्हा उडवायचा आणि त्याच्या उड्डाणातून काय वाचायचं, ते क्रमाने सांगतो. नाकाच्या वर-खाली होण्याला विमानाच्या भाषेत पिच म्हणतात. इथला सगळा विचार त्या एकाच हालचालीचा आहे.

होडीचा नियम इथे लागू पडत नाही

किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला स्थैर्य म्हटलं की होडी आठवते. तळाशी वजन असलं की होडी कलंडत नाही, हे लहान मुलालाही माहीत असतं. त्यामुळे विमानालाही खाली वजन टांगावं असं अनेकांना वाटतं. ही समजूत आधी मनातून काढून टाका.

होडी कलली की तिचा पाण्यात बुडालेला भाग बदलतो, पाण्याचा रेटा एका बाजूला सरकतो आणि होडी पुन्हा सरळ होते. पाण्याला पृष्ठभाग आहे, त्यामुळे ‘वर’ आणि ‘खाली’ ठरलेलं आहे. हवेला असा पृष्ठभाग नाही. पंखाला फक्त एवढंच कळतं की वारा आपल्यावर कोणत्या कोनातून येतो आहे. विमान वर चढत असो की खाली उतरत असो, तो कोन तोच असेल तर पंखावरची उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, एकाच वेगाला तीच राहते. शिवाय वजन नेहमी गुरुत्वमध्यातूनच, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोललं जातं तिथूनच, खाली ओढतं, त्यामुळे विमानाला गुरुत्वमध्याभोवती फिरवण्याची ताकद वजनात नसते. फिरवायचं काम फक्त हवा करते. पॅराग्लायडरमध्ये वैमानिक पंखाच्या कित्येक मीटर खाली लोंबकळत असतो, त्याचं गणित वेगळं. नेहमीच्या विमानात आणि आपल्या ग्लायडरमध्ये वजन खाली आहे की वर, याने पिचला फारसा फरक पडत नाही. ते पुढे आहे की मागे, यानेच फरक पडतो.

बनवायला काय लागतं

पंख आणि शेपटीसाठी ५ मिलिमीटर जाडीचा हलका फोमशीट घ्या. मोठ्या स्टेशनरीच्या दुकानांत शाळेच्या प्रकल्पांसाठी तो मिळतो. पातळ थर्माकोलही चालतो, फक्त त्याचे दाणे सुटतात आणि कडा झिजतात. दांडीसाठी बांबूची ५० सेंटिमीटर लांब सरळ कामटी तासून घ्या. पंखाच्या पुढच्या कडेला ताठपणा हवा. त्यासाठी माडाच्या झावळीचे हीर उत्तम: हलके, चिवट आणि फुकट. केरसुणीतला जुना हीर नको, तो ठिसूळ झालेला असतो. ताजा काढून सावलीत वाळवलेला घ्या. दोन हिरांची जाड टोकं मध्यभागी आणि बारीक टोकं पंखाच्या शेवटांकडे आली की वजनही आपोआप मध्याकडे राहतं.

चिकटवायला पांढरा फेविकॉल घ्या. झटपट चिकटणारे बरेच गोंद फोमला खातात, आधी एका तुकड्यावर तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत पांढरा गोंद नीट सुकायला रात्र जाते, घाई करू नका.

मापं अशी:

पंख: लांबी ६० सेंटिमीटर, पुढून मागे रुंदी १० सेंटिमीटर. क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर.

आडवी शेपूट: लांबी २० सेंटिमीटर, रुंदी ६ सेंटिमीटर. क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर.

उभी शेपूट: साधारण ४० चौरस सेंटिमीटरचा कोणताही नीटस आकार.

दांडी: नाकापासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत १२ सेंटिमीटर. आडव्या शेपटीची पुढची कड नाकापासून ४३ सेंटिमीटरवर.

पंख मध्यावर हलकेच दुमडून दोन्ही टोकं ३ ते ४ सेंटिमीटर उचला. ते डाव्या-उजव्या कलण्यासाठी आहे, पिचशी त्याचा संबंध नाही. आडवी शेपूट दांडीला अगदी समांतर चिकटवा. पंख मात्र चिकटवू नका, तो रबरबँडने बांधा, म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल. या सगळ्या अभ्यासाचं गमक त्या सरकणाऱ्या पंखात आहे.

बांधताना पंखाच्या पुढच्या कडेखाली साडेतीन मिलिमीटर उंचीची पुठ्ठ्याची पाचर द्या. १० सेंटिमीटर रुंदीला साडेतीन मिलिमीटर उचल म्हणजे २ अंश. शेपटीच्या मानाने पंख २ अंश वर बघतो आहे, हा कोन हीच आपली दुसरी कळ.

झुळूक आली की काय होतं

समजा ग्लायडर सरळ चालला आहे आणि खालून आलेल्या झुळकेने त्याचं नाक २ अंश वर गेलं. पंखावर वारा आता २ अंश जास्त कोनातून येतो, त्यामुळे पंखाची उचल वाढते. शेपटीचीही वाढते, पण दोन कारणांनी कमी: एक तर ती लहान आहे. दुसरं, पंख हवा खाली ढकलत जातो आणि ती खाली वळलेली हवाच मागे शेपटीवर येते. आपल्या मापाच्या पंखामागे शेपटीला त्या २ अंशांपैकी जेमतेम १ अंश मिळतो. हिशेब केला तर पंखाची उचल १०० ने वाढली तेव्हा शेपटीची फक्त ८ ने वाढते.

मग ती चिमुकली शेपूट नाक खाली कशी आणते? लांब दांडीमुळे. पंखावरची ही वाढीव उचल पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव भागावर, म्हणजे पुढच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर लागते. पातळ, सपाट पंखासाठी आणि आवाजापेक्षा बऱ्याच कमी वेगासाठी हा पाव भागाचा नियम पक्का धरून चालायला हरकत नाही. शेपटीवरची उचल त्याच कडेपासून साडेबत्तीस सेंटिमीटरवर लागते. आता गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटरवर ठेवला असेल तर पंख नाक वर ढकलतो तो १०० गुणिले १ एवढ्या जोराने, आणि शेपूट नाक खाली आणते ती ८ गुणिले २९, म्हणजे २३२ एवढ्या जोराने. शेपूट जिंकते, नाक परत खाली येतं. हेच स्थैर्य.

आता गुरुत्वमध्य साडेपाच सेंटिमीटरवर नेऊन पाहा. पंखाचा जोर १०० गुणिले ३, म्हणजे ३००. शेपटीचा ८ गुणिले २७, म्हणजे २१६. पंख जिंकला. झुळकेने नाक वर गेलं की ते आणखी वर जात राहणार. अशा ग्लायडरला कितीही हळुवार हाताने सोडा, तो उलटणारच.

मधे कुठेतरी दोघांची बरोबरी होते. त्या जागेला तटस्थ बिंदू म्हणतात. आपल्या ग्लायडरचा तटस्थ बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे ४.८ सेंटिमीटरवर येतो. गुरुत्वमध्य याच्या पुढे असला तर विमान स्थिर, मागे असला तर अस्थिर. या दोन जागांमधलं अंतर पंखाच्या रुंदीच्या किती टक्के आहे, तो स्थैर्याचा राखीव वाटा. साडेतीन सेंटिमीटरवर तोललं तर आपला वाटा १३ टक्के. नेहमीच्या विमानांत आणि मॉडेलांत ५ ते १५ टक्के वाटा चांगला मानतात.

वेगळ्या मापाचा ग्लायडर बनवणार असाल तर पटकन अंदाज असा काढा: शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासून शेपटीपर्यंतचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी. अंतर पंखाच्या पाव रुंदीपासून शेपटीच्या पाव रुंदीपर्यंत मोजायचं. आपल्याकडे १२० गुणिले ३० भागिले ६०० गुणिले १०, म्हणजे ०.६. त्याला ०.४ ने गुणा आणि त्यात ०.२५ मिळवा. उत्तर ०.४९, म्हणजे रुंदीच्या ४९ टक्क्यांवर, आधीच्या हिशेबाला अगदी जवळ. आपल्यासारख्या, रुंदीच्या सहापट लांब पंखांना हे चालतं. फार लांब किंवा फार आखूड पंखांना ०.४ हा आकडा बदलतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. शेपूट नेहमी खालीच दाबते, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते खरं नाही. आपला गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटरवर आहे, पंखाच्या उचलीच्या जागेमागे. त्यामुळे सरळ उडताना आपली शेपूट किंचित वरच उचलत असते, पंखाच्या उचलीच्या साधारण ३ टक्के. गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटरच्या पुढे नेला तर ती खाली दाबू लागते. मोठ्या विमानांचे बाकदार पंख स्वतःच नाक खाली ढकलतात, त्यामुळे तिथे शेपटीला बहुधा खाली दाबावं लागतं. पण स्थैर्य शेपूट किती दाबते यावर नसतं. कोन बदलल्यावर तिचा जोर किती बदलतो, यावर असतं.

तोलणं

पंखाच्या खालच्या बाजूला, दांडीच्या दोन्ही अंगांना, पुढच्या कडेपासून साडेतीन सेंटिमीटरवर पेनाने खूण करा. दोन बोटांच्या टोकांवर त्या खुणा टेकवून ग्लायडर उचला. शेपूट खाली जाईल. आता नाकाला वजन बांधत जा. वर दिलेल्या मापांना साधारण १५ ग्रॅम लागतात. एक रुपयाची नाणी साधारण तीन ते पावणेचार ग्रॅमची असतात, तेव्हा चार-पाच नाणी टेपने बांधली की काम जवळपास होतं. पागाच्या जाळ्याचे शिशाचे मणी घरी असतील तर तेही चालतात, पण लहान मुलं बरोबर असतील तर ते पूर्ण टेपमध्ये गुंडाळा आणि हात धुवायला लावा. संपूर्ण ग्लायडर ४५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा.

शेपटीकडचा १ ग्रॅम तोलायला नाकाला २ ग्रॅम लागतात, कारण नाकाची दांडी शेपटीच्या निम्मी आहे. म्हणून शेपटीला गोंद थापू नका, रंग तर नकोच.

जागा आणि वेळ

या ग्लायडरचा वेग सेकंदाला साडेचार मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. दुपारनंतरचा खारा वारा बहुतेक दिवशी एवढाच किंवा जास्त असतो, त्यात काहीच शिकता येत नाही. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. तो मंद असतो, पण त्यात वळलेला ग्लायडर थेट पाण्याकडे जातो. दोन्हींच्या मधे, सकाळी उन्हं वर येऊ लागतात तेव्हा, वारा काही काळ पडतो. हिवाळ्यातला तो वेळ सर्वांत चांगला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून ओहोटी त्याच सुमाराला येईल असा दिवस निवडा. गुहागर, मुरूड, भाट्ये, कुठलाही लांब किनारा चालेल. ओली घट्ट वाळू चालायला बरी, पण ग्लायडर उतरवायला वरची कोरडी मऊ वाळू चांगली.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जायचं असेल तर पावसाळ्यानंतर गवत उभं असेपर्यंतच जा. नंतर उघडा जांभा फोमचे तुकडे करतो. रत्नागिरी आणि राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, पळताना त्या रेषांवर पाय पडू देऊ नका. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांच्या विणीच्या काळात आखलेल्या जागेपासून लांब राहा. फोमचा प्रत्येक तुकडा उचलून आणा. विमानतळाच्या आसपास तर काहीच उडवायचं नाही.

पहिली उड्डाणं

ग्लायडर गुरुत्वमध्याजवळ धरा. तोंड वाऱ्याकडे. पंख सरळ, नाक अगदी किंचित खाली, नजर आठ-दहा मीटर पुढच्या वाळूवर. भाला फेकतात तसा फेकू नका. हात पुढे नेत ग्लायडरच्या स्वतःच्या वेगाने सोडून द्या. नाक वर करून फेकणं ही सर्वांत सार्वत्रिक सवय आहे, आणि तिने होणाऱ्या आपटण्याचा दोष ग्लायडरला देऊ नये. फेक एकसारखी येईपर्यंत ग्लायडरमध्ये काहीच बदलू नका.

ग्लायडर सरळ तिरका जात आठेक मीटरवर टेकला तर उत्तम. नाक उचलून थबकत असेल तर तो फार हळू उडायला बघतो आहे, पाचर अर्धा मिलिमीटर कमी करा. वेगाने आणि उभ्या उताराने खाली जात असेल तर पाचर अर्धा मिलिमीटर वाढवा. या टप्प्यावर नाकाच्या वजनाला हात लावायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे: आपण आत्ता वेग जुळवतो आहोत, स्थैर्य नाही.

प्रत्येक सकाळी उडवण्याआधी शेपटीच्या बाजूने डोळा लावून पंख आणि शेपूट तपासा. दमट हवेत बांबू पीळ धरतो, फोम वाकतो. शेपटीची मागची कड मिलिमीटरभर वर वळली तर ती अंशभर कोन बदलते, आणि कालचा उत्तम ग्लायडर आज थबकू लागतो.

लाटा वाचणं

खांद्यावरून सोडलेलं उड्डाण आठ-नऊ मीटरांत संपतं. स्थैर्य पाहायला ते अपुरं आहे, कारण विमानाच्या मंद हेलकाव्याची एक लाटच जवळजवळ तेवढी लांब असते. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०८ मध्ये या हेलकाव्याला फ्यूगॉइड नाव दिलं आणि त्याचा हिशेब मांडला. विमान थोडं खाली जातं, वेग वाढतो, वाढलेल्या वेगाने उचल वाढते, ते वर चढतं, वेग कमी होतो, पुन्हा खाली येतं. एका लाटेला लागणारे सेकंद म्हणजे साधारण वेगाचे ०.४५ पट, वेग मीटर-सेकंदात. आपल्या ग्लायडरला २ सेकंद, म्हणजे ९ मीटर. सेकंदाला १०० मीटर जाणाऱ्या विमानाला हीच लाट पूर्ण करायला पाऊण मिनिट लागतं.

म्हणून वाळूच्या उंचवट्यावरून किंवा सड्याच्या हलक्या उतारावरून, ५-६ मीटर उंचीवरून सोडा. तीन लाटा दिसतील. आपल्यासारख्या, एक मीटर उतरताना सहा मीटर पुढे जाणाऱ्या ग्लायडरमध्ये प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या निम्मी व्हायला हवी. तशी ती विरत गेली तर काळजी नको, हा हेलकावा निरुपद्रवी आहे. लाट विरतच नसेल आणि प्रत्येक माथ्यावर नाक धपकन पडत असेल तर तो हेलकावा नाही, ग्लायडर पुन्हा पुन्हा स्टॉल होतो आहे, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखाची उचल ढासळते आहे. पाचर कमी करा.

गंमत अशी की विमान जितकं गुळगुळीत आणि कमी ओढीचं, तितका हा हेलकावा हळू विरतो. एका मीटरला ४० मीटर जाणाऱ्या मोठ्या स्पर्धा-ग्लायडरमध्ये प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या ९० टक्के राहते. तिथे वैमानिक हलक्या हाताने ती मोडून काढतो.

खरी परीक्षा: सूर

आता त्याच उंचीवरून ग्लायडर नाक ३० अंश खाली करून, नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगाने सोडा. समोर मऊ वाळू हवी. तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

लगेच कमान टाकून वर उसळला, तर गुरुत्वमध्य गरजेपेक्षा पुढे आहे. हळूहळू, लांब वळणाने सूर मोडून सरळ झाला, तर तोल योग्य. सूर तसाच सरळ धरून राहिला, किंवा आणखी आत वळत गेला, तर गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूवर किंवा त्याच्या मागे आहे. त्याला वर आणण्यासाठी पाचर वाढवणं ही फसवी दुरुस्ती ठरते. आधी वजन पुढे न्या.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. वजन जितकं पुढे, तितका ग्लायडरला त्याच वेगाने सरळ ठेवायला पंख-शेपटीतला कोन जास्त लागतो. सुरात वेग वाढला की हवेचे सगळे जोर वेगाच्या वर्गाने वाढतात, त्या कोनाचा नाक उचलणारा जोरही. म्हणून मोठ्या कोनाचा ग्लायडर उसळतो. वजन तटस्थ बिंदूवर आणलं तर सरळ उडायला लागणारा कोन फारच थोडा उरतो, आणि कोन नाही म्हणजे सुरातून परतायचं कारणच नाही. दोन कळा वेगळ्या असल्या तरी एक फिरवली की दुसरी पुन्हा जुळवावी लागते.

सूर उसळत असेल तर पंख ३ मिलिमीटर पुढे सरकवा. पंख पुढे गेला की पंखाच्या मानाने वजन मागे जातं, हे उलटं वाटतं पण नीट लक्षात ठेवा. मग पाचर थोडी कमी करा, शांत उड्डाण पुन्हा जुळवा, पुन्हा सूर. असं करत गुरुत्वमध्य ४ ते ४.२ सेंटिमीटरपर्यंत नेता येतो. त्यापुढे जाऊ नका. तिथे ग्लायडर लांब जातो, पण झुळूक आली की सावरायला वेळ घेतो. किनाऱ्यावरच्या चंचल हवेसाठी मी ३.५ ते ३.८ च पसंत करीन.

माणसं बसलेल्या विमानात

हे सगळं तसंच मोठं होतं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथेच काय, जगातल्या कुठल्याही ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये वैमानिकाचं कमीत कमी वजन लिहिलेलं असतं. वैमानिक पंखाच्या पुढे बसतो, तो हलका असला तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून त्याला वजनाचे तुकडे बरोबर घ्यावे लागतात. आपली नाकावरची नाणी आणि ते तुकडे एकाच कामाचे. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेला तर वैमानिकाच्या हातातली काठी लोण्यासारखी हलकी लागते आणि फिरकीतून, म्हणजे गरगरत कोसळण्यातून, बाहेर येणं अशक्य होऊ शकतं. फार पुढे गेला तर उतरताना नाक उचलायला शेपटीची ताकद कमी पडते.

सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तेव्हा तिथे एटीआर ही छोटी प्रवासी विमानं येऊ लागली. उभ्या शेपटीच्या माथ्यावर बसवलेली त्यांची आडवी शेपूट लांबूनही दिसते. अशा विमानात जागा रिकाम्या असताना कर्मचारी कधी कधी प्रवाशांना ठरावीक ओळींत बसायला सांगतात. तोही गुरुत्वमध्याचाच हिशेब असतो. वैमानिक ट्रिम, म्हणजे शेपटीचा तोल जुळवायची कळ, फिरवतो तेव्हा तो आपली पाचरच बदलत असतो.

इतिहासात या दोन्ही कळा फार लवकर सापडल्या होत्या. जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये उडवलेल्या छोट्या ग्लायडरला सरकणारं वजन आणि कोन बदलता येणारी शेपूट होती. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८ ऑगस्ट १८७१ ला पॅरिसच्या तुइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं मॉडेल उडवलं. पंखापेक्षा कमी कोनावर लावलेल्या मागच्या शेपटीमुळे ते ११ सेकंद, सुमारे ४० मीटर, कुणीही न सावरता उडालं. राइट बंधूंनी मात्र आडवा पृष्ठभाग पुढे ठेवला, आणि १९०३ चं त्यांचं विमान पिचमध्ये अस्थिर होतं. ती उड्डाणं वर-खाली हेलकावत झाली, सावरत होते ते वैमानिकाचे हात.

आज अस्थिरता जाणूनबुजून ठेवतात. आपलं तेजस, ज्याचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला झालं, चपळाईसाठी पिचमध्ये असंच घडवलेलं आहे. त्याला संगणक सतत सावरतो. बंदरावर घिरट्या घालणाऱ्या घारी पाहा: शेपूट क्षणोक्षणी पसरते, मिटते, पीळ घेते. तिथेही स्थैर्याचं बरंचसं काम आकारापेक्षा हालचाल करते. आपल्या ग्लायडरमध्ये मेंदूही नाही आणि संगणकही नाही, म्हणून त्याला राखीव वाटा हवाच.

पुढचा प्रयोग

ग्लायडर ४ सेंटिमीटरवर तोललेला, शांत उडणारा झाला की दुसरी आडवी शेपूट कापा: लांबी तीच २० सेंटिमीटर, रुंदी निम्मी, ३ सेंटिमीटर. वर दिलेल्या रीतीने हिशेब केला तर तटस्थ बिंदू ४.९ वरून सुमारे ३.७ सेंटिमीटरवर सरकतो, म्हणजे आपल्या गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे. शेपूट बदलल्यावर नाकाचं वजन थोडं काढून तोल पुन्हा ४ सेंटिमीटरवरच आणा. मुलांना आधी वहीत लिहायला सांगा की सुरात काय होईल, मगच सोडा. नंतर वजन वाढवून गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटरवर आणा, पाचर पुन्हा जुळवा आणि तोच सूर पुन्हा पाहा. वहीत प्रत्येक वेळी गुरुत्वमध्य, पाचरेची उंची, वारा आणि सुराचा आकार, एवढंच टिपलं तरी पुरे.